एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकाकडे : सीमाभागातील वाचकांचे अनुभव

सीमाभागातील मराठी वाचकाच्या कपाटात सहसा एकाच जातीची पुस्तके आढळत नाहीत. कादंबरीला टेकून नाटक, नाटकाखाली कवितासंग्रह आणि त्यावर आडवे ठेवलेले एखादे आत्मचरित्र, असे ते कपाट असते. आपल्याकडे पुस्तक कोणत्या वाटेने येईल हे आपण ठरवलेले नसते. कधी ते बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयातून येते, कधी गावच्या साहित्य संमेलनातील विक्रीच्या टेबलावरून, कधी कोल्हापूरहून आलेल्या पाहुण्याच्या पिशवीतून, तर कधी कानडी शेजाऱ्याने ‘हे मराठीतही आले आहे’ असे सांगितल्यामुळे. या धाग्यात आवडत्या पुस्तकांची यादी नको आहे. एका प्रकारच्या पुस्तकाने आपल्याला निराळ्याच प्रकारच्या पुस्तकाकडे नेले असेल, कथेने कवितेकडे, नाटकाने इतिहासाकडे किंवा कादंबरीने कायद्याकडे, तर तो अनुभव सविस्तर लिहावा. नावाऐवजी गाव आणि व्यवसाय दिला तरी चालेल.

शहापूर, बेळगाव. निवृत्त शिक्षिका

इंदिरा संत यांच्या कविता मी वर्गात अनेक वर्षे शिकवल्या. त्या आमच्याच गावात राहिल्या, इथेच शिकवत होत्या, इथला पाऊस त्यांच्या कवितेत आहे, याचा मला अभिमान होता आणि तो मी मुलींना बोलून दाखवत असे. इंदिराबाई आणि त्यांचे पती ना. मा. संत यांचा एकत्रित संग्रह ‘सहवास’ १९४० सालचा. १९४६ साली ना. मा. संत गेले; त्यानंतर ‘शेला’ १९५१ मध्ये, ‘मेंदी’ १९५५ मध्ये आणि ‘मृगजळ’ १९५७ मध्ये आले. या सनावळ्या मी फळ्यावर लिहीत असे आणि त्यांच्यापुढे ‘विरहभावना’ हा शब्द लिहिला की कविता शिकवून झाली असे मला वाटत असे.

निवृत्तीनंतर प्रकाश नारायण संत यांचा ‘वनवास’ हा कथासंग्रह हाती आला. इंदिराबाईंचे हे चिरंजीव, आजोळी वाढलेले. त्यांच्या कथांतील लंपन हा मुलगा आई-वडिलांपासून दूर, कानडी मुलखातील एका गावात आजी-आजोबांकडे राहतो. तो तक्रार करत नाही. त्याला झाडे दिसतात, गाणे ऐकू येते, मित्रांची भांडणे होतात, आणि हे सगळे तो ज्या मराठीत सांगतो तिला आमच्या गल्लीतल्या बोलण्याची लय आहे. मात्र कुठल्याशा साध्या वाक्याच्या शेवटी त्याला आईची आठवण येते आणि तो लगेच दुसरे काहीतरी बोलू लागतो. ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ हे पुढचे तीनही संग्रह मी सलग वाचले.

लंपन म्हणजेच प्रकाश संत असे समीकरण मांडणे मला पटत नाही; कथा ही कथाच असते. तरीही विषय बदलणारे ते मूल वाचून झाल्यावर मी पुन्हा ‘मृगजळ’ उघडले, तेव्हा त्यातले न बोललेले मला प्रथमच ऐकू आले. इंदिराबाईही दुःखाविषयी फार बोलत नाहीत. त्या एखाद्या वेलीविषयी, सांजेविषयी, भिजलेल्या मातीविषयी बोलतात आणि थांबतात. मी वर्गात ते थांबणे भरून काढत होते. माझ्या जुन्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले ‘प्रतीक’, ‘विरह’, ‘निसर्गप्रतिमा’ हे शब्द मी त्या आठवड्यात खोडरबराने पुसले. कागद जुना असल्यामुळे अक्षरांचे वळ मात्र राहिले आहेत.

निपाणी. बँकेतील नोकरी

माझी आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तंबाखू चाळताना उडणारी धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून त्या बायका तोंडाला फडके बांधत, आणि घरी आल्यावर आजी ते फडके अंगणातच झटकून दगडावर धुवायला टाकत असे. तरीही तिच्या लुगड्याला आणि केसांना तो उग्र वास असायचाच. महाविद्यालयात असताना अनिल अवचट यांनी निपाणीच्या वखारींतील बायकांविषयी लिहिलेला लेख मी वाचला. आपल्या आजीचे काम कोणीतरी पुण्याहून येऊन पाहिले, विचारले आणि छापले, याचे मला केवढे अप्रूप वाटले होते. मजुरी, कामाचे तास, खोकला, मुकादमाची वागणूक हे सर्व त्या लेखात होते.

आजीला मी तो लेख वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, ‘आणि आम्ही हसायचो ते कुठं लिवलंय?’ त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे महादेव मोरे यांच्या कथांत मिळाले. मोरे निपाणीचेच, पिठाची गिरणी चालवत त्यांनी आयुष्यभर लिहिले. त्यांच्या पुस्तकांत ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजवाले आणि कष्टकरी बायका येतात आणि त्या सर्वांना शिव्या, थट्टा, लोभ आणि हट्ट असतो. लेखाने मला आजीचे हाल समजले आणि कथेने तिचा स्वभाव समजला. या दोहोंपैकी श्रेष्ठ काय असा वाद आमच्या मित्रमंडळात होतो, तेव्हा मी त्यात भाग घेत नाही, कारण मला दोन्ही लागले. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथला महामार्ग अडवून धरला होता आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले होते. त्या आंदोलनाविषयी मिळेल ते मी आता वाचतो आहे. शेतकऱ्याचा तंबाखू आणि वखारीतल्या बाईचा तंबाखू या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यामुळे कळले.

चिकोडी तालुका. विद्यार्थी

माझे शिक्षण कानडी माध्यमातून झाले. घरात मराठी बोलतो, पण छापील मराठी मी सतराव्या वर्षी वाचू लागलो. कादंबरीची पाने मला दमवत असत. एका काकांनी बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचे पुस्तक दिले आणि ‘मोठ्याने वाच’ एवढेच सांगितले. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने उतरवून घेतली आणि ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली, हे प्रस्तावनेतून समजल्यावर माझी भीती गेली. जिला लिहिता येत नव्हते तिचे पुस्तक सावकाश वाचण्यात लाज कसली? तिथून मी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे आलो. सध्या ते रोज चार पाने वाचतो.

टिळकवाडी, बेळगाव. गृहिणी

आमच्या शेजारच्या कानडी अक्कांनी मला कानडी कादंबरीकार भैरप्पांचे नाव प्रथम सांगितले. त्या महाभारतावरची त्यांची ‘पर्व’ ही कादंबरी कानडीतून वाचत होत्या आणि दुपारी गच्चीवर वाळवण राखताना मला कथा सांगत होत्या. मला कानडी बोललेले समजते, वाचता येत नाही. म्हणून मी उमा कुलकर्णी यांचा मराठी अनुवाद आणला. उमाताईंचा जन्म बेळगावचा, आणि त्यांची अनुवादाची पद्धत मला फार जवळची वाटते : त्यांचे पती विरूपाक्ष कानडी मजकूर वाचून दाखवत आणि त्या ऐकून मराठीत लिहीत. म्हणजे अक्का आणि मी गच्चीवर जे करत होतो, तेच त्या दोघांनी आयुष्यभर शिस्तीने केले. भैरप्पांच्याच ‘वंशवृक्ष’ या कादंबरीच्या अनुवादासाठी उमाताईंना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे.

‘पर्व’ने मला अस्वस्थ केले. त्या महाभारतात चमत्कार नाहीत. वस्त्रे पुरवणारा देव नाही, दिव्य अस्त्रे नाहीत. म्हातारे झालेले देह आहेत, नियोगाची, म्हणजे वंशासाठी परपुरुषाकडून मूल घेण्याच्या प्रथेची, कुचंबणा आहे, एवढ्या मोठ्या सैन्याच्या अन्नाचा आणि घाणीचा प्रश्न आहे. माझ्या सासूबाईंनी मला ते पुस्तक देवघराजवळ ठेवू दिले नाही आणि त्यांची भावना मी समजू शकते. पण मला प्रश्न पडला की असा विचार भैरप्पांनीच प्रथम केला का. तेव्हा अक्कांच्या मुलीने, जी पुण्यात शिकते, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ सुचवले. हे ललित नव्हे. ते लेख आहेत, एकेका व्यक्तीवर लिहिलेले : गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, कृष्ण. इरावतीबाई संशोधकाच्या काटेकोरपणे पुरावा मांडतात आणि तरीही गांधारीवर लिहिताना त्यांचा आवाज हलतो. ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि कानडी ‘पर्व’ १९७९ सालचे, म्हणजे मराठीतला हा विचार आधीचा. हे मी अक्कांना जरा अभिमानाने सांगितले. त्यांनी मान्य केले आणि मग म्हणाल्या, ‘पण कुंतीला वेळ कुणी जास्त दिला?’ त्याचे उत्तर मला कादंबरीच्या बाजूनेच द्यावे लागले. लेखात कुंती समजते. कादंबरीत ती दिवसेंदिवस आपल्यासोबत राहते, थकते, मागचे आठवत बसते.

अनगोळ, बेळगाव. हौशी रंगकर्मी, खाजगी नोकरी

वरील अनुभवाला जोडून लिहितो. आमच्या गटाने गिरीश कर्नाड यांचे ‘तुघलक’ करायचे ठरवले. मूळ नाटक कानडी, १९६४ सालचे. मराठी अनुवाद विजय तेंडुलकरांचा. तालमीला आमच्यात तिघे कानडी घरांतले होते, त्यामुळे टेबलावर दोन्ही संहिता उघड्या असत. एक वाक्य मराठीत म्हणायचे, मग तेच कानडीत ऐकायचे आणि मग पुन्हा मराठीत म्हणायचे. तिसऱ्या वेळी शब्द तेच असले तरी श्वास घेण्याची जागा बदललेली असे. नटाला हा फायदा दुसऱ्या कुठल्या गावात मिळणार?

माझ्या वाट्याला बर्नीची भूमिका होती. तो सुलतानाचा जवळचा माणूस आणि इतिहासकार. हा बर्नी खरोखर होऊन गेला आणि त्याने दिल्लीच्या सुलतानांचा इतिहास लिहिला, हे मला तालमीच्या दुसऱ्या महिन्यात कळले. मग मी मध्ययुगीन इतिहासाची पुस्तके वाचू लागलो. दिल्लीहून दौलताबादला राजधानी नेणे, तांब्याची नाणी चालवणे, ही कर्नाडांची कल्पना नव्हे. ते घडलेले आहे. धोबी अझीज मात्र नाटककाराचा, आणि मला वाटते की नाटकातला सर्वांत खरा माणूस तोच आहे. प्रयोगाच्या आठ दिवस आधी ज्या सभागृहाचे भाडे आम्ही भरले होते त्यांनी तारीख रद्द केली आणि कारणही दिले नाही. प्रयोग झाला नाही. त्याचे दुःख अजून आहे, पण बर्नीची वाक्ये पाठ आहेत आणि इतिहासाचे वाचन चालू आहे.

सौंदत्तीजवळील गाव. आरोग्य विभागात काम

राजन गवस यांचे ‘चौंडकं’ मी वाचले तेव्हा यल्लम्माचा डोंगर माझ्या रोजच्या रस्त्यावर होता. डोक्यावर ‘जग’ म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली घेतलेल्या, देवीला सोडलेल्या जोगतिणी, परडी, भंडारा, आणि ज्याचे नाव कादंबरीला दिले आहे ते वाद्य, हे सर्व मी लहानपणापासून पाहत होतो आणि म्हणूनच पाहत नव्हतो. केसांत जट झाली की देवीचे बोलावणे आले असे मानणारी घरे माझ्या कामाच्या भागात आहेत. कादंबरी वाचल्यावर मी कर्नाटकाचा १९८२ सालचा देवदासी प्रतिबंधक कायदा शोधून वाचला. कायद्याची भाषा कोरडी असते, परंतु त्यातल्या प्रत्येक कलमामागे मला एक चेहरा दिसत होता. आता जट सोडवायला तयार झालेल्या मुलीच्या आईशी बोलताना मी कायदा सांगत नाही; तेल आणि कात्री घेऊन बसतो आणि तिला बोलू देतो. हे मला कादंबरीने शिकवले.

कडोली परिसर. शेती

आमच्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांतून साहित्य संमेलने होतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, लेझीम असते, पालखीत पुस्तके असतात. मी पालखीला खांदा दिलेला आहे, पण आतले पुस्तक उघडले नव्हते. २००० साली बेळगावात य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली मोठे संमेलन झाले तेव्हा मी पहिल्यांदा पैसे देऊन पुस्तक घेतले. रणजित देसाईंचे ‘स्वामी’. देसाई आमच्या जवळच्या कोवाडचे, एवढेच कारण.

पुढे एका गावच्या संमेलनात दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ घेतले. त्यात महिन्यामहिन्यांनी निसर्ग येतो. मी ते त्या त्या महिन्यातच वाचले, पुढचे पान आधी उघडले नाही. रताळ्याचे वेल लावताना आषाढ वाचला. बाईंना शेत करायचे नव्हते, त्यामुळे त्यांना ढगाचा रंग दिसतो; मला त्यात किती पाणी आहे ते दिसते. वर्षअखेर मला रंगही दिसू लागला.

खानापूर तालुका. अंगणवाडी सेविका

शहापूरच्या बाईंनी इंदिरा संत यांच्या कवितेविषयी लिहिले आहे. मला त्यांच्या ‘मालनगाथा’विषयी लिहायचे आहे. बायकांच्या जात्यावरच्या ओव्या इंदिराबाईंनी त्यात गोळा केल्या आहेत आणि त्यांचा अर्थ उलगडून सांगितला आहे. ते पुस्तक कवितेचे म्हणावे की अभ्यासाचे, हे मला सांगता येणार नाही.

माझ्या आईला अक्षरओळख नाही. पहिल्या रात्री मी वाचत होते आणि ती तांदूळ निवडत होती. मी ओवीची पहिली ओळ वाचली आणि दुसरी वाचण्याआधीच तिने ती म्हटली. मी मान वर करून पाहिले. तिचे डोळे सुपातच होते. पुढच्या ओवीला तसेच झाले. त्यानंतरच्या ओवीला मात्र ती थांबली आणि म्हणाली, ‘असं नाही गं ते.’ तिची ओळ निराळी होती. भावाचे गाव निराळे, वाटेवरची नदी निराळी. पुस्तकात छापले आहे म्हणून तेच बरोबर, असे तिला जराही वाटले नाही, आणि मलाही त्या क्षणी वाटले नाही.

तेव्हापासून मी एका वहीत तिच्या ओव्या उतरवते. डाव्या पानावर पुस्तकातली, उजव्या पानावर तिची. ज्या ओव्या पुस्तकात नाहीत त्यांच्यासाठी डावे पान कोरे सोडते. अशी कोरी पाने आता बरीच झाली आहेत. परवा भाकऱ्या करताना तिने एक ओवी म्हटली, माझे हात पिठात होते आणि ती लिहायची राहिली. सकाळी विचारले तर तिला आठवेना. जात्यावर बसल्याशिवाय ती यायची नाही, असे ती म्हणते. जाते माळ्यावर आहे. रविवारी भाऊ येणार आहे, तेव्हा ते खाली काढायचे ठरले आहे.