अनुभव धागा: थंडीच्या रात्री पाहुण्यासाठी हुलगा

बाहेर कडाका असताना रात्री गारठून आलेल्या पाहुण्याला आधी वाफाळती वाटी हातात द्यावी. हुलग्याचं, म्हणजे कोकणातल्या कुळथाचं, कढण, पिठी, शेंगोळे यातलं जे तुमच्या हातात बसलंय ते इथे लिहा. मापं हवीत, आणि कुठे फसतं तेही.

*

पिठी, चौघांची. चार मोठे चमचे पीठ, पण कुळीथ भाजून, सालं काढून दळलेलं. कच्च्या कुळथाच्या पिठाचा उग्र वास उकळूनही पुरता जात नाही. दोन वाट्या गार पाण्यात पीठ कालवून ठेवा. कोरडं पीठ गरम पाण्यात पडलं की गुठळ्या झाल्याच. तेलात मोहरी, हिंग, सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या. लसूण तांबूस झाला की दोन वाट्या पाणी, मीठ, तीन आमसुलं. उकळी आली की कालवलेलं पीठ पुन्हा ढवळून ओता, कारण ते तळाशी बसलेलं असतं. परत उकळी फुटेपर्यंत पळी थांबवायची नाही. मग मंद आचेवर सात-आठ मिनिटं. पातेलं मोठं घ्या, ही फार पटकन उतू जाते. वर ओलं खोबरं. सोबत मऊ भात आणि भाजलेला सुका बांगडा असेल तर दुसरं काहीच नको.

*

वरच्या पिठीला जोड: पाहुण्याची गाडी उशिरा आली तर पिठी घट्ट होत जाते. ती सैल करायला उकळतं पाणी घाला आणि त्यानंतर मीठ पुन्हा चाखा.

*

घाटावर थंडीत शेंगोळे. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, पाव वाटी कणीक. दहा-बारा लसूण पाकळ्या, चार मिरच्या, चमचाभर जिरं, मीठ हे वाटून पिठात घाला आणि घट्ट मळा. एवढं घट्ट की तळव्याला चिकटणार नाही. तेलाच्या हातावर पेन्सिलीएवढी वळी करून टोकं जुळवा. अर्धं वाटण मळताना न घालता फोडणीसाठी ठेवलं तर रस्सा जास्त खुलतो.

फोडणीवर आठ वाट्या पाणी घालून खळखळ उकळू द्या. शेंगोळे थोडे थोडे सोडा, सगळे एकदम टाकले की उकळी बसते आणि ते विरघळायला लागतात. पहिली तीन मिनिटं पळी लावूच नका. नंतर झाकण अर्धवट ठेवून वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. एक मोडून पाहा: मधोमध फिकट, पिठूळ ठिपका दिसला तर अजून कच्चे आहेत. जाड वळले की हाच दोष हमखास राहतो. परातीत उरलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी घाला, रस्सा मिळून येतो. वाढताना कच्चं तेल किंवा तूप, आणि ज्वारीची भाकरी.

*

कढणाला अख्खा हुलगा लागतो. तो रोळून घ्या, म्हणजे पाण्यात हलवत दाणे वरचेवर काढा, खडे तळाशी राहतात. खडे त्याच रंगाचे असतात, नुसत्या निवडण्याने सापडत नाहीत आणि पाहुण्याच्या दाताखाली येतात. एक वाटी हुलगा रात्रभर भिजवा, सहा वाट्या पाणी घालून कुकरला सहा शिट्ट्या आणि मंद आचेवर दहा मिनिटं. आमसूल आधी घालू नका, आंबटपणाने दाणे निबर राहतात. पाणी गाळून त्याला तुपाची जिरं-हिंगाची फोडणी द्या. दाण्यांची उसळ त्याच जेवणात.

*

परदेशात भारतीय दुकानांत पिठीचं पीठ क्वचित दिसतं, अख्खा कुळीथ ‘हॉर्स ग्रॅम’ नावाने मिळतो. मंद आचेवर रंग गडद होऊन खमंग वास सुटेपर्यंत भाजा, पूर्ण गार करा, मग मिक्सरमधून थोडा थोडा काढून बारीक चाळणीने चाळा. गरम असताना दळला तर पीठ दमट होऊन टिकत नाही.

*

रात्रीचे शेंगोळे सकाळपर्यंत सगळा रस्सा पिऊन टाकतात. पाहुणा निघायच्या आधी ते तव्यावर तेलात परतून द्या, कडा कुरकुरीत होईपर्यंत.