रिमोटनं ‘बंद’ केलेल्या सेट-टॉप बॉक्सची वीज: मर्यादा कायद्यानं घालावी का?

सांजवात

गेल्या महिन्यात प्लगमध्ये लावायचं छोटं वॅटमीटर आणलं आणि घरातली एकेक वस्तू त्यावर लावून बघितली. नुसता खोचून ठेवलेला मोबाइलचा चार्जर काढा म्हणून आई वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मागे लागते. त्याचा तर मीटरवर आकडाच येईना. टीव्ही रिमोटनं बंद केल्यावर अर्ध्या वॅटच्या आत. मायक्रोवेव्ह, त्यावरच्या घड्याळापायी, 2 वॅट. सेट-टॉप बॉक्स मात्र चालू असताना 9 वॅट आणि रिमोटनं बंद केल्यावर 8! चित्र जातं, तांबडा दिवा लागतो, आतलं सगळं जागंच राहतं.

आमच्याकडे तो दिवसाचे 18 तास असा ‘बंद’ असतो. म्हणजे वर्षाला 52 युनिटं, काहीही न बघता.

टीव्ही मी दुकानात जाऊन, वीजबचतीचे स्टार बघून घेतला. बॉक्स मी निवडलेला नाही, केबलवाल्यानं आणून लावला. आणि तो घरात आला तोही कायद्यामुळे. 2011 मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली, 2012 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतलं केबलचं अ‍ॅनालॉग, म्हणजे बॉक्सशिवाय दिसणारं प्रक्षेपण थांबवलं, मग पुणे-नागपूर-नाशिकची पाळी आली, मग गावोगावची. निवडणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, अशा ठिकाणी स्टारच्या लेबलानं काही होत नाही, कारण लेबल बघायला तिथे गिऱ्हाईकच नसतं. म्हणून सरळ मर्यादा हवी: स्टँडबायला, म्हणजे रिमोटनं बंद पण प्लग चालू असताना, इतके वॅट, त्याहून जास्त खाणारा बॉक्स बनवायचा नाही, आणायचा नाही. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कलम 14 मध्ये केंद्राला तसा अधिकार आहेच. अधिसूचना तेवढी काढायची आहे.

काळी_माती

हिशोब बरोबर आहे, पण पुढचा हिशोबही करा. राज्यातल्या 1 कोटी घरांत असे बॉक्स धरले तरी 8 कोटी वॅट, म्हणजे 80 मेगावॅट. महाराष्ट्राची कमाल मागणी 25 हजार मेगावॅटच्या वर जाते. त्याच्या पाव-अर्ध्या टक्क्यासाठी नियम, तपासण्या, निरीक्षक?

जुना पंखा 75 वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30च्या आसपास. रोज 12 तास चालला तर एका पंख्यामागे वर्षाला 197 युनिटं वाचतात, तुमच्या बॉक्सच्या जवळजवळ चौपट. सरकारची ताकद मर्यादित असते, ती पंख्यावर लावा. एलईडी दिव्यांचं तसंच झालं. 2015 पासून उजाला योजनेत कोट्यवधी दिवे स्वस्तात वाटले गेले, लोकांनी आपखुशीनं लावले. कोणाला बंदी घालावी लागली नाही.

शिवाय आपल्या घरात प्रत्येक प्लगला बटण असतं. ते दाबा.

जाईजुई

बटण दाबा म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी यावं. प्लग टीव्हीच्या कपाटामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. सासूबाई 78 वर्षांच्या, गुडघे गेलेले. रोज रात्री त्यांनी वाकून बटण बंद करायचं? मी केलं, तर सकाळी बॉक्स चालू व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, त्यांची आरती निघून जाते आणि मला हाक येते. महिनाभर केलं, मग सोडून दिलं. माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. रिमोटवर ‘बंद’चं बटण दिलंय तर त्यानं वस्तू बंद झाली पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत भिंतीतल्या प्लगला बटण नसतंच, त्यामुळे हा प्रश्न युरोपात आधी पेटला. 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं ‘एक वॅट’ची, म्हणजे स्टँडबायला एक वॅटहून जास्त नको अशी कल्पना पुढे आणली. युरोपीय संघानं 2008 मध्ये नियम केला आणि 2010 पासून स्टँडबायला 1 वॅटची मर्यादा आली, घड्याळ-आकडे दाखवणाऱ्या वस्तूंना 2. 2013 पासून दोन्ही निम्म्यावर. त्यासाठी गिऱ्हाइकाला काहीच करावं लागलं नाही.

पण सांजवात, एक गोष्ट तुमच्या विरोधात जाते, तीही सांगतो. सशुल्क वाहिन्यांच्या गुंतागुंतीच्या बॉक्सांना इथेही सरळ कायदा लावला नाही. कंपन्यांचा स्वेच्छेचा करार मान्य केला. अमेरिकेतही तसंच झालं. माझ्या मते, कराराला कंपन्या तयार झाल्या त्या डोक्यावर कायद्याची टांगती तलवार होती म्हणून.

भोसरी_वर्कशॉप

मी अ‍ॅडॉप्टर बनवतो. आठ माणसं कामाला. 2012 च्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशानंतर सुरक्षेसाठी मॉडेलमागे प्रयोगशाळेची फी भरतो, महिनोन्महिने थांबतो, आणि बाजारात बिनशिक्क्याचा माल माझ्या निम्म्या किमतीत विकला जातो. नवा नियम आला की पुन्हा फक्त मीच पाळणार. मोठ्या कंपनीला फीचा आकडा जाणवतसुद्धा नाही, मला एका मॉडेलमागे दोनदा विचार करावा लागतो. आधी आहेत ते नियम बाजारात लागू करून दाखवा, मग नवे आणा.

सांजवात

भोसरी, तुमचं म्हणणं पटतं. म्हणून वेगळी तपासणी नकोच. सुरक्षेच्या चाचणीला मॉडेल जातंच, तिथेच स्टँडबायचे वॅट मोजून त्याच अहवालात लिहावेत. फी एकदाच. आणि सुरुवात फक्त सेट-टॉप बॉक्सपासून करावी. तो बिनशिक्क्याच्या दुकानातून येत नाही, मोजक्या कंपन्या घाऊक विकत घेतात. पकडायचं तर त्यांना पकडता येतं.

काळी_माती, पंखा जरूर बदलावा. पण त्याला घरटी दोन-तीन हजार लागतात, आणि ज्यांच्याकडे नाहीत ते जुनाच चालवतात. बॉक्स तसाही काही वर्षांनी कंपनीच बदलते. नवा येईल तो कमी खाणारा यावा, एवढंच मागतोय. एसीचं उदाहरण बघा: 2020 पासून स्टारवाला नवा एसी सुरू केला की आपोआप 24 अंशांवर लागतो. कोणी निरीक्षक घरी येत नाही. आणि 80 मेगावॅट कमी वाटत असतील, तर चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा 210 मेगावॅटचा एक संच आठवा. त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त वीज, कोळसा जाळून, कोणी बघत नसलेल्या डब्यांसाठी.

काळी_माती

चंद्रपूरला माझी बहीण राहते, तिथली राख मला माहीत आहे. तो मुद्दा मान्य. तरीही कायद्याच्या आधी करार करून बघावा, श्टुटगार्टकर म्हणतात तसा. दोन वर्षांची मुदत द्या, नाही पाळला तर कलम 14 लावा. राउटर मात्र यात घालू नका, मुलांचे वर्ग त्यावर चालतात.

दुरुस्तीवाला_कोल्हापूर

टीव्ही-बॉक्स दुरुस्तीची 22 वर्षं झाली. आठ वॅट खाणारा डबा रात्रभर गरम राहतो, वर कापडी झाकण, खाली टीव्हीची ऊब. आतला कपॅसिटर फुगतो आणि डबा माझ्याकडे येतो. रात्री खरोखर झोपणारा बॉक्स जास्त टिकेल. माझी गिऱ्हाइकं कमी होतील, होऊ देत. मर्यादा घालाच, पण करारावर माझा भरवसा नाही. कंपनीनं कबूल केलेलं आणि डब्यात प्रत्यक्ष आलेलं यातला फरक मी टेबलावर रोज उघडून बघतो.