बाबांचं जलरंगातलं चित्र दमट हवेत कसं टिकवायचं?

माडाची_सावली:
वेंगुर्ल्याचं जांभ्याचं घर, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. बाबांनी १९८६ साली काढलेलं रापणीचं (किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीचं) जलरंगचित्र आहे, साधारण ३० × ४० सेंमी, पाठीला प्लायवूड. आकाशाच्या भागात तपकिरी ठिपके आलेत आणि खालचा एक कोपरा काचेला चिकटलाय. श्रावणात वर्षश्राद्ध आहे. आईला ते हार घालून माजघरात लावायचंय. फ्रेमवाला म्हणतो लॅमिनेट करा, नाहीतर वॉर्निश मारा. सावंतवाडीचे गंजिफे (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) लाखेमुळेच टिकतात, असंही म्हणतो. काय करू?

जुना_कागद:
दोन्ही नको. गंजिफ्यात लाख हा घडणीचाच भाग आहे. जलरंगात डिंकात कालवलेला रंग कागदाच्या तंतूंत बसतो आणि पांढरा भाग म्हणजे कोरा कागदच. वॉर्निश त्या कागदात मुरतं, कागद तेलकट दिसतो आणि पुढे पिवळा पडतो. परत काढता येत नाही. लॅमिनेशनमध्ये उष्णता आणि गोंद, शिवाय आतली बुरशी आतच कोंडली जाते.

चिकटलेला कोपरा ओढू नका. वाफ किंवा ओलं फडकं तर अजिबात नको, पाणी लागलं की रंग सुटेल. पाठ उघडा आणि चित्र काचेसकट आडवं ठेवून पंख्याच्या खोलीत सुकू द्या. वाऱ्याचा झोत थेट नको, ऊनही नको. तरी सुटलं नाही तर काचेसह तसंच तज्ज्ञाकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी विचारून घ्या.

ठिपक्यांवर भुकटी असेल तर ती जिवंत किंवा सुकलेली बुरशी. पूर्ण सुकल्यावर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका. ओली असताना पुसली तर ती तंतूंत घुसते. भुकटी नसलेले तपकिरी डाग कागदातच मुरलेले असतात, ते झटकून जात नाहीत. ब्लीच वापरून चित्र घालवू नका.

चौकटवाला:
वरच्याशी सहमत. फ्रेमबद्दल: प्लायवूड आम्ल सोडतं आणि कागद तपकिरी होतो. त्याऐवजी आम्लमुक्त बोर्ड, त्यामागे सनपॅक शीट (पोकळ प्लास्टिकचा पत्रा). समोर खिडकी कापलेला आम्लमुक्त माउंट (जाड पुठ्ठ्याची आतली चौकट), म्हणजे काच आणि चित्र यांत निदान २-३ मिमी पोकळी राहते. तुमचा कोपरा चिकटला तो ही पोकळी नव्हती म्हणूनच. चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगा. चारही कडा चिकटवल्या तर कागद फुगतो तेव्हा लाटा येतात. फेविकॉल, सेलोटेप नको.

भिंत बघा. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते आणि जांभा पाणी पितो. आतल्या भिंतीवर लावा, खालच्या कोपऱ्यांना ५ मिमी रबरी बुचं लावा, मागून हवा खेळली पाहिजे.

आणि श्रावणात मूळ चित्राची फ्रेम करूच नका! माउंट, बोर्ड, कागद सगळे तेव्हा ओल धरून असतात. ती ओल फ्रेममध्ये बंद होते.

माडाची_सावली:
मग वर्षश्राद्धाला काय लावू? आणि हाराचं काय?

जुना_कागद:
प्रत लावा. ३० × ४० सेंमी हे ए-३ कागदाच्या जवळपास येतं, घरच्या ए-४ स्कॅनरमध्ये मावणार नाही. ए-३ स्कॅनरवर ६०० डीपीआय, टिफ फाइल घ्या. ती २०० एमबीच्या आसपास होते, दुकानदार जेपीईजी (दाबून लहान केलेली फाइल) देऊ लागला तर नाही म्हणा. चित्र किंचित मोठं असेल तर दोन भागांत स्कॅन करून जोडता येतं. कोपरा काचेला चिकटलेला असेपर्यंत मात्र स्कॅनरवर ठेवू नका. तोवर काचेत प्रतिबिंब पडणार नाही असं बघून सरळ वरून फोटो काढून घ्या. छपाई कापसाच्या कागदावर पिगमेंट (रंगकणांच्या) शाईने.

हार, गंध, समई सगळं प्रतीपुढे. ताज्या हाराचं पाणी फ्रेमच्या खालच्या खाचेत उतरतं, गंधही ओघळून तिथेच जमतं. उदबत्तीची काजळी चिकट असते. हार फ्रेमवर न घालता वर वेगळ्या खिळ्याला टांगा, किंवा चंदनाचा हार वापरा.

चौकटवाला:
मूळ चित्र घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, आम्लमुक्त कागदात आडवं. १० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम सिलिका जेल, कापडी पिशवीत, चित्राला न लागता. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा: ४५ ते ५५ टक्के ठीक. ६५ च्या वर बुरशी, ३५ च्या खाली कागद ठिसूळ. नारिंगी जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास सुकवा. डांबरगोळ्यांनी बुरशी मरत नाही, आणि कडुनिंबाचा ओला पाला म्हणजे डब्यात पाणीच घालणं.

प्रतीची आणि मूळची फ्रेम एकाच मापाची करून घ्या. तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंत मूळ चित्र भिंतीवर, पाऊस लागायच्या आधी त्याच खिळ्यावर प्रत.