'वुल्फ'चे जोडशब्द : दर वेळी 'लांडगा' लिहावा का?

शब्दवेडी
नमस्कार. शाळकरी मुलांसाठीच्या एका इंग्रजी-मराठी शब्दपुस्तिकेचे काम सध्या माझ्याकडे असून मी 'वुल्फ' या नोंदीवर अडकले आहे. मूळ शब्दाला लांडगा हा प्रतिशब्द आहेच. अडचण आहे ती जोडशब्दांची. पहिल्या खर्ड्यात सहकाऱ्याने वुल्फहाउंडला 'लांडगाकुत्रा', वुल्फ्सबेनला 'लांडग्याचा शाप' आणि लोन वुल्फला 'एकटा लांडगा' असे लिहून ठेवले आहे. त्यात मुद्रितशोधकांनी 'ही वुल्फ्स डाउन हिज डिनर' या वाक्यातील 'वुल्फ्स'चे 'वुल्व्ह्ज' करून टाकले. लांडगा कुठे ठेवावा आणि कुठे सोडून द्यावा, याची काही रीत आहे का?

निवृत्त मास्तर
ताई, आधी मुद्रितशोधकांची दुरुस्ती रद्द करा. नामाचे अनेकवचन वुल्व्ह्ज होते, कारण जुन्या इंग्रजीत स्वर किंवा 'ल'सारख्या घोष ध्वनींच्या मध्ये सापडलेला 'फ' हा 'व्ह' असा उच्चारला जात असे. 'अधाशासारखे खाणे' या अर्थाचे क्रियापद मात्र एकोणिसाव्या शतकात नामावरून तयार झाले. तोवर तो उच्चारनियम केव्हाच मागे पडला होता, म्हणून त्याचे रूप 'वुल्फ्स' असेच राहते.

जोडशब्दांच्या बाबतीत आपण शाळेत समासाचा विग्रह करत असू, तोच येथेही करावा. वुल्फहाउंड म्हणजे लांडग्यांच्या शिकारीसाठी बाळगलेला श्वान. त्याच्या अंगात लांडग्याचे रक्त असते असा त्याचा अर्थ नाही. संकरातून जन्मलेल्या प्राण्याला वुल्फडॉग म्हणतात, त्यामुळे 'लांडगाकुत्रा' वाचून मुलांच्या डोळ्यांपुढे भलताच प्राणी उभा राहील. वेअरवुल्फ, म्हणजे कथांमधला लांडग्याचे रूप घेणारा माणूस, याचा विग्रह तर ऐकण्यासारखा आहे. त्यातील 'वेर' म्हणजे पुरुष, आणि लॅटिनमधील 'विर' व आपला 'वीर' हे त्याचेच भाऊबंद. खुद्द वुल्फ हा संस्कृत 'वृक' याच्या कुळातला. भीमाला वृकोदर म्हणतात, म्हणजे लांडग्यासारखे पोट असलेला. तेव्हा वुल्फ डाउनमागची कल्पना आपल्याला परकी नाही, मात्र मराठी वाक्यात 'बकाबका खाणे' हेच शोभेल. आर्डवुल्फचा शब्दशः अर्थ भूलांडगा, परंतु तो तरसाच्या कुळातला असून मुख्यतः वाळवीवर जगतो. अशा ठिकाणी शब्दाचा अर्थ देऊन थांबू नये, प्राणी कोणता तेही सांगावे.

प्रयोगवही
वुल्फ्सबेनमधील 'बेन' म्हणजे शाप नव्हे, जीव घेणारी वस्तू. ही अ‍ॅकोनिटम कुळातील विषारी वनस्पती आहे. आपला बचनाग त्याच कुळातला असल्यामुळे 'बचनागाच्या जातीची वनस्पती' असे लिहिले तर वाचकाला विषाचा अंदाज लगेच येईल.

रसायनशास्त्र शिकवत असल्याने आणखी एका शब्दाची भर घालते. टंगस्टनचे चिन्ह डब्ल्यू का, हा प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी येतो. टंगस्टन हा शब्द स्वीडिश असून त्याचा अर्थ जड दगड असा होतो, तर चिन्ह आले आहे ते वुल्फरॅम या जर्मन नावावरून. कथिलाच्या खनिजात टंगस्टनचे खनिज मिसळलेले असले की भट्टीत कथील कमी मिळे आणि बरेचसे मळीत जाई. खाणकामगारांना वाटे की लांडग्याने मेंढरू खावे तसे हे कथील खाते. त्या खनिजातून धातू वेगळा काढला तो १७८३ मध्ये स्पेनमधील एल्हुयार बंधूंनी.

तंतुवाद्य
माझी मुलगी चेलो शिकते, त्यामुळे आमच्या घरी एक लांडगा कायमचा मुक्कामाला आहे. एका ठरावीक स्वरावर, आमच्या वाद्यात तो 'एफ'च्या आसपास येतो, गज ओढला की आवाज सलग न निघता थरथरतो, अडखळतो आणि गुरगुरल्यासारखा ऐकू येतो. तारेचे कंपन आणि वाद्याच्या पेटीचे स्वतःचे कंपन एकमेकांशी झगडू लागल्याने असे होते. याला वुल्फ नोट म्हणतात. घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खालच्या बाजूस तारेवर पितळेची छोटी नळी बसवून, ती कणाकणाने वरखाली सरकवत आम्ही तो आवाज दाबतो. येथे 'लांडगा-स्वर' लिहिण्यास माझी हरकत नाही, कारण गुरगुर खरोखरच ऐकू येते.

लोन वुल्फसाठी मात्र 'एकांडा शिलेदार' हा तयार शब्द असताना 'एकटा लांडगा' कशाला?

निवृत्त मास्तर
एकांडा शिलेदार स्वभावाच्या वर्णनात चपखल बसतो, पण सरसकट नको. एकट्याने दहशतवादी हल्ला करणाऱ्यालाही इंग्रजी बातम्यांत लोन वुल्फ म्हणतात, आणि त्याला शिलेदार म्हणणे म्हणजे त्याच्या डोक्यावर मंदिल चढवण्यासारखे आहे. तिथे 'एकट्याने हल्ला करणारा' एवढे पुरे.

शब्दवेडी
मनापासून आभार. वुल्फहाउंडपुढे 'लांडग्यांच्या शिकारीचा कुत्रा' असे लिहिले आणि लोन वुल्फला दोन अर्थ वेगवेगळे दिले. 'क्राय वुल्फ'ला 'लांडगा आला रे आला' आपल्याकडे रुळलेलेच आहे, तेव्हा तिथे लांडगा राहील. वुल्फ व्हिसलमधून तो काढला, कारण बाईमाणसाला पाहून मारलेल्या शिट्टीला मराठीत शिट्टी मारणेच म्हणतात. 'कीप द वुल्फ फ्रॉम द डोअर' यापुढे सध्या 'चूल पेटती ठेवणे' लिहिले आहे. याहून नेमके काही सुचल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे, त्यानंतर पाने छपाईला जातील.