निळू फुले यांच्या चित्रपटांची क्रमवारी लावायची तर निकष कोणता धरावा?

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे)

नमस्कार. आमच्या गृहसंकुलातील वाचनालयाने शनिवारी संध्याकाळी निळू फुले यांचे निवडक चित्रपट दाखवण्याचे ठरवले आहे. प्रेक्षकांना एक पानी टिपण वाटायचे असून त्यात त्यांच्या चित्रपटांची लोकप्रियता आणि जाणकारांची पसंती या दोन्ही अंगांनी क्रमवारी असावी, अशी समितीची अपेक्षा आहे. ते टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

अडचण अशी की, १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून पुढची चार दशके ज्यांनी पाटील, सरपंच, साखर कारखान्याचे अध्यक्ष, तमाशातली माणसे आणि क्वचित अगदी साधेसुधे गृहस्थ उभे केले, त्यांच्या चित्रपटांना नायकाच्या चित्रपटांसारखा हिशेब लागू पडत नाही. संकेतस्थळांवरचे गुण पाहावेत, तर ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ यांना मते देणारे बरेच भेटतात, पण एके काळी तालुक्याच्या गावी गर्दी खेचलेल्या तमाशापटांना मत द्यायला कोणी फिरकतच नाही. यूट्यूबवरील प्रेक्षकसंख्या धरावी, तर एकच चित्रपट वेगवेगळ्या वाहिन्यांवर चढवलेला असल्याने आकडे विभागले जातात. राष्ट्रीय पारितोषिके पाहावीत, तर ती चित्रपटाला मिळालेली आहेत. अशा वेळी एकच यादी करावी की दोन, आणि पहिल्या क्रमांकावर कोणता चित्रपट ठेवावा, याविषयी आपली मते हवी आहेत.

उत्तर १ (नौपाडा, ठाणे)

दोन याद्या कराव्यात, आणि त्या दोन्हींना तिसरा एक निकष लावावा : चित्रपटात त्यांच्या भूमिकेचे वजन किती आहे? चरित्र अभिनेत्याच्या बाबतीत हा प्रश्न टाळला, की यादी त्याची न राहता त्याने ज्यांच्यासोबत काम केले त्यांची होते.

‘पिंजरा’ घ्या. १९७२ साली आलेला हा चित्रपट लोकप्रियतेच्या कोणत्याही यादीत वरच येईल, आणि त्याला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळालेले आहे. म्हणजे आपल्या दोन्ही निकषांवर तो उत्तीर्ण होतो. परंतु लोक ‘पिंजरा’ पाहायला गेले ते व्ही. शांताराम यांचे नाव, संध्या यांचे नृत्य, जगदीश खेबुडकर यांच्या लावण्या आणि राम कदम यांचे संगीत यांच्या ओढीने, आणि घरी परतताना त्यांच्या डोळ्यांसमोर राहिले ते डॉ. श्रीराम लागू यांचे मास्तर. निळूभाऊ त्यात आहेत आणि चोख आहेत, पण चित्रपट त्यांच्या खांद्यावर उभा नाही. ‘सोंगाड्या’चेही तेच. १९७१ च्या त्या यशाचा धनी दादा कोंडके यांच्यावाचून दुसरा कोणी असू शकत नाही.

आता ‘सामना’ पाहा. विजय तेंडुलकर यांची पटकथा, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात निवड आणि पुन्हा राष्ट्रीय पारितोषिक, एवढ्यावरच तो पसंतीच्या यादीत अग्रभागी जातो. मात्र मी त्याला पहिला क्रमांक देतो तो यासाठी की, हिंदूराव धोंडे पाटील या माणसाला खलनायक म्हणून मोडीत काढण्याची सोय निळूभाऊ प्रेक्षकाला ठेवतच नाहीत. गावात आलेल्या एका दारुड्या मास्तराला (इथेही डॉ. लागूच) हा सत्ताधीश घरी आणतो, त्याची बडदास्त ठेवतो, आपला कारखाना आणि आपले साम्राज्य त्याला कौतुकाने दाखवतो. त्या पाहुणचारात मालकी हक्क जितका आहे तितकाच एकटेपणाही आहे. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा मास्तरांचा प्रश्न आज राजकीय लेखांतून म्हणीसारखा वापरला जातो, परंतु त्या प्रश्नाला धार येते ती तो ऐकणाऱ्या हिंदूरावांच्या चेहऱ्यामुळे. आवाज चढवण्याची त्यांना गरज पडत नाही. लागूंच्या तोडीस तोड समोर कोणी नसते, तर हा चित्रपट एका माणसाचे भाषण होऊन बसला असता.

उत्तर २ (नेरुळ, नवी मुंबई)

वरील उत्तरातील तिसरा निकष मान्य आहे. पहिला क्रमांक मान्य नाही. माझ्या मते ‘सिंहासन’ वर असावे. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवरून १९७९ साली तयार झालेल्या या चित्रपटात अरुण सरनाईक यांचे मुख्यमंत्री आहेत, लागूंचे विश्वासराव दाभाडे आहेत, सतीश दुभाषी यांचे कामगार नेते डिकास्टा आहेत, आणि या सगळ्या गर्दीत निळूभाऊंच्या वाट्याला आलेला पत्रकार दिगू टिपणीस बहुतेक वेळ नुसता ऐकतो, पाहतो आणि नोंद करतो. ज्या नटाची ओळखच मुळी दरारा ही होती, त्याने दरारा पूर्णपणे उतरवून ठेवावा आणि तरीही शेवटच्या प्रसंगातील त्या भ्रमिष्ट हसण्यापर्यंत चित्रपटाचा कणा होऊन राहावे, हे मला हिंदूरावांपेक्षा अवघड काम वाटते. हिंदूराव ही त्यांच्या ताकदीची परमावधी असेल, पण टिपणीस ही त्यांच्या आवाक्याची खूण आहे.

लोकप्रियतेच्या यादीविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण तिथे शहरी वाचक नेहमी घसरतो. त्यांच्या चित्रपटांचा मोठा प्रेक्षक यात्रेजत्रेतल्या तंबूत आणि तालुक्याच्या चित्रपटगृहात बसलेला होता. त्या तिकिटांची नोंद आज कोणत्याही संकेतस्थळावर सापडणार नाही. त्यातही खलनायकाची लोकप्रियता उलट्या मापाने मोजावी लागते : गावोगावी बायका आपल्याला शिव्या घालतात, हे ते स्वतःच सांगत असत, आणि नटाला याहून मोठी पावती ती कोणती? त्यांच्या नावावर चिकटलेले ‘बाई, वाड्यावर या’ हे वाक्य आज अशी मुलेही नक्कल करून म्हणतात, ज्यांनी त्यांचा एकही चित्रपट सलग पाहिलेला नाही. ही नक्कल ऐकून मला कंटाळा आला आहे, हे खरे; तरीही लोकप्रियतेचा पुरावा म्हणून ती नाकारता येत नाही. त्यामुळे या यादीत ‘एक गाव बारा भानगडी’ला अवश्य वर ठेवा. अनंत माने यांच्या त्या चित्रपटातील झेले अण्णांनीच पुढच्या सगळ्या बेरकी गावपुढाऱ्यांची वाट मोकळी केली.

उत्तर ३ (वाशी, नवी मुंबई)

हिंदी चित्रपट धरणार असाल तर सावध राहावे. केवळ गल्ला पाहिला, तर १९८३ चा ‘कुली’ त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत यशस्वी चित्रपट ठरेल, आणि ते हास्यास्पद होईल. ‘सारांश’ मात्र नक्की घ्या. महेश भट्ट यांच्या १९८४ च्या या चित्रपटात अनुपम खेर यांच्या वृद्ध शिक्षकासमोर उभा राहिलेला गजानन चित्रे हा पुढारी त्यांनी असा रंगवला आहे की, मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकालाही धोंडे पाटलांच्या कुळातील माणूस शहरात कसा वागेल, हे कळते.

उत्तर ४ (घोडबंदर रस्ता, ठाणे)

चर्चा चित्रपटांची आहे, हे लक्षात आहे. परंतु टिपणात दोन ओळी नाटकांसाठी ठेवाव्यात, अशी विनंती आहे. गडकरी रंगायतनच्या गावात ती वगळणे बरे दिसणार नाही. चित्रपटसृष्टीत येण्यापूर्वी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यात ते घडले होते, आणि १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ने त्यांना जी प्रतिष्ठा व जो वाद मिळवून दिला, तो लक्षात घेतल्यावाचून ‘सामना’तील निवड समजत नाही. शिवाय जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’मध्ये त्यांनी वृद्ध गांधीवादी अप्पाजी साकारले होते. पडद्यावर लागूंच्या गांधीवादी मास्तरासमोर सत्ताधारी होऊन बसलेला नट रंगमंचावर नेमका पलीकडच्या बाजूला उभा राहिला, हे सांगितल्यास ‘वाड्यावर या’ एवढेच ठाऊक असणाऱ्या तरुण सभासदांना नवे काही मिळेल. १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कारही त्याच ओळींत बसेल.

प्रश्नकर्ता (पाचपाखाडी, ठाणे)

सर्वांचे आभार. दोन याद्या करतो. जाणकारांच्या पसंतीत ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ यांना क्रमांक न देता शेजारी ठेवतो, कारण नौपाडा आणि नेरुळ यांच्यातला हा वाद प्रेक्षकांनी चित्रपट पाहून पुढे चालवलेला मला आवडेल. त्यांच्याखाली ‘सारांश’ येईल. लोकप्रियतेत ‘पिंजरा’, ‘सोंगाड्या’ आणि ‘एक गाव बारा भानगडी’ असा क्रम ठेवून पहिल्या दोघांपुढे ‘सहायक भूमिका’ असे स्पष्ट लिहितो. जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ यादीत नसेल, कारण त्यात ते असले तरी तो चित्रपट मोहन आगाशे, स्मिता पाटील आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींचा आहे. पडद्यावर पहिल्या शनिवारी ‘एक गाव बारा भानगडी’ लावावा आणि ‘सामना’ त्यानंतर, असा माझा विचार आहे. झेले अण्णा आधी पाहिलेले असले म्हणजे हिंदूराव कुठून आले, ते वेगळे सांगावे लागणार नाही. ‘सिंहासन’ शेवटी ठेवतो. नाटकांचा मजकूर टिपणाच्या मागच्या बाजूस छापू.