सेंदाईला निघालेय: शाकाहारी जेवण आणि लॅबमधली संगत

साताऱ्याची लेक
नमस्कार मंडळी. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीवर ऑक्टोबरमध्ये सेंदाईला मास्टर्ससाठी निघालेय. फी माफ, शिवाय महिन्याला १,४४,००० येन, त्यामुळे पैशांची फारशी काळजी नाही. काळजी आहे जेवणाची. आमचं वारकरी घर, आजी माळकरी. मी अंडं खाईन असं आईला सांगून झालंय, मासे-मटण मात्र नाही. लॅबमधले सगळे एकत्र जेवतात म्हणे. मी डबा घेऊन कोपऱ्यात बसले तर ओळखी कशा होणार? आणि मिक्सर, कुकर आणू का?

हिरोसेकाठ
मनापासून अभिनंदन! मी इथे पीएचडी करतोय, मूळचा कराडचा, घरचं वळण तुझ्यासारखंच.

मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, असं इथे धरू नकोस. मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) सूप, उदोन या जाड नूडल्सचा रस्सा, अगदी शिजवलेल्या भोपळ्यातही दाशी, म्हणजे चवीसाठी काढलेलं अर्काचं पाणी, असते, आणि ती बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाची. कोम्बू या समुद्री शेवाळाची दाशी आपल्याला चालते. माशाची चालवून घ्यायची का, हे आधीच ठरव. मी टाळतो, बरोबरचे काही जण चालवून घेतात. कॅन्टीनमध्ये भात आणि थंड तोफू घेऊन डब्यातली भाजी काढली, तरी आमच्या लॅबमध्ये कुणाला काही वाटत नाही.

पण कोपऱ्यात बसू नकोस, हे कळकळीने सांगतो. इथली माणसं आपणहून फार विचारत नाहीत, पण एकदा सांगितलं की नीट लक्षात ठेवतात. शरदात हिरोसे नदीकाठी इमोनीकाई, म्हणजे एकत्र रस्सा शिजवून खायची सहल, होते. दगडांची चूल, मोठं पातेलं आणि त्यात चक्क आळकुड्या! सेंदाईवाले मिसो आणि डुकराचं मांस घालतात, शेजारचे यामागातावाले सोया सॉस आणि बीफ, आणि खरी इमोनी कुणाची यावरून दोघेही हिरिरीने भांडतात. मी आमच्या सेनपाईला, म्हणजे लॅबमधल्या सीनियरला, आधीच सांगून ठेवलं होतं. तिने माझ्यासाठी छोटं पातेलं वेगळं मांडलं: कोम्बूचं पाणी, आळकुड्या, कोन्न्याकू (एका कंदाची जेलीसारखी वडी), तळलेला तोफू, वरून मिसो. पळीसुद्धा वेगळी, चुकून अदलाबदल नको म्हणून दांड्याला लाल दोरा बांधलेला. त्या दुपारी जेवढं जपानी बोललो तेवढं वर्गात कधी बोललो नव्हतो. तू ऐन हंगामात पोचतेयस, पहिल्याच आमंत्रणाला जा. रात्रीच्या नोमीकाईलाही, म्हणजे सगळ्यांच्या पिण्या-खाण्याच्या पार्टीलाही, जा. ऊलोंग चहा घेऊन बसलं तरी चालतं, फक्त बिल बहुधा सगळ्यांत सारखं वाटतात.

पुणे ते तोहोकू
मिक्सर नको गं. इथे वीज १०० व्होल्टची, आपला २३० व्होल्टचा मिक्सर धड फिरणार नाही. कुकर आण, पण इंडक्शनवर चालेल अशा बुडाचा. गोडा मसाला, मेतकूट आण. ताजा कढीपत्ता बॅगेत घालू नकोस, ताज्या पाल्याला तपासणीचा सरकारी दाखला लागतो. तूरडाळ हलाल दुकानात मिळते. तांदळाला पैसे जास्त धर, २०२५ मध्ये पाच किलोचा भाव ४,००० येनच्या वर गेला होता. रात्री उशिरा सुपरमार्केटात गेलीस तर तोफूवर अर्ध्या किमतीचं स्टिकर सापडतं.

शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता पोचल्या पोचल्या हातात पडत नाही, सुरुवातीच्या खर्चाचे पैसे घरूनच घेऊन ये. आणि दर महिन्याची सही चुकवू नकोस, ती नसेल तर त्या महिन्याचे पैसे मिळत नाहीत.

साताऱ्याची लेक
दादा, ताई, खूप आभार! जेवणाबद्दल लॅबला आधीच मेल केली तर आगाऊपणा वाटेल का?

हिरोसेकाठ
अजिबात नाही. नव्या परदेशी विद्यार्थ्याला बहुतेक वेळा मदतीला एक ट्यूटर देतात, त्यालाच लिही: मांस, मासे, माशाची दाशी नको, अंडी, दूध, कोम्बू चालतं. काय चालतं ते जरूर लिही, म्हणजे त्यांना तुझ्यासाठी बेत ठरवता येतो.