'जाण करा' चूक आहे का?

दांडियाबाजार:
बडोद्यातल्या एका छोट्या वाचनालयासाठी मी सभासद-नोंदीचं वेब ॲप लिहितेय. त्यात एक भाग असा की नियम लावून ठेवायचा आणि तो लागू झाला की सभासदाला आपोआप मेल जाते: मुदत संपली, राखून ठेवलेलं पुस्तक आलं, वर्गणी थकली वगैरे. नियमाच्या पानावर तीन रकाने आहेत: 'केव्हा', 'अट' आणि 'जाण कोणाला करायची'. बटणावर 'जाण करा'. पुण्याची मावशी म्हणाली, जाण असते, ती कुणी करत नाही. आमच्या घरी तीन पिढ्या 'पोचलास की जाण कर' म्हणतात. ही चूक आहे का? आणि नसेल तर नोटिफिकेशनला 'जाण' चालेल का?

सदाशिवपेठी:
मावशी बरोबर आहेत. तुमचं 'जाण कर' म्हणजे गुजरातीतलं 'जाण करवी'. मराठीत गाण्याची जाण असते, उपकारांची जाण ठेवतात. बटणावर 'कळवा' लिहा आणि नोटिफिकेशनला 'सूचना'. दोन्ही शब्द तयार आहेत.

दांडियाबाजार:
पहिल्या आवृत्तीत 'सूचना'च होतं. राखून ठेवलेलं पुस्तक आल्याची मेल वाचून एक गुजराती काका भर दुपारी उन्हात आले आणि म्हणाले, "आजच न्यायची सूचना होती ना?" गुजरातीत सूचना म्हणजे काय करायचं ते सांगणं, हिंदीत नुसती माहिती, आणि मराठीत दोन्ही. शिवाय सभेत 'माझी एक सूचना आहे' म्हणतो तीही सूचनाच. आमचे सभासद तिन्ही भाषा बोलतात.

रावपुरा:
'वर्दी' घ्या. 'आगीची वर्दी मिळताच बंब निघाले' असं वर्तमानपत्रं अजून लिहितात. काही घडलं म्हणून ताबडतोब कळवलं, नेमका हाच अर्थ.

मांडवीचा:
बडोद्यात नको. इथे वर्धीची रिक्षा म्हणजे शाळेची मुलं नेणारी. आणि हिंदी वाचणाऱ्याला वर्दी म्हटलं की गणवेश दिसेल.

शुद्धमराठी:
फारसी नाही, गुजराती नाही, मराठीच घडवा: 'स्वयंसूचना', आणि ट्रिगरला, म्हणजे ज्याने नियम लागू होतो त्या घटनेला, 'प्रवर्तक'. 'दिनांक' आणि 'महापौर' सावरकरांनी दिले तेव्हा तेही नवेच होते, आज कुणाला खुपतात? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच तळमळीने.

रावपुरा:
बडोद्याची रीत वेगळी आहे. सयाजीरावांनी शासनशब्दांचा कोश काढला, १९३१चा 'सयाजीशासन शब्दकल्पतरू'. त्यात एकेका इंग्रजी संज्ञेसमोर मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारीशेजारी बसले आहेत. संस्थानाच्या राजपत्राचं नाव 'आज्ञापत्रिका'. या शहरात शेजारच्या भाषेतला शब्द परका कधीच नव्हता. 'जाण कर' इथलं मराठी आहे, ते ठेवा.

सूरसागरकाठ:
माझ्या मते ट्रिगर म्हणजे 'कळ'. कळ दाबली की कळतं, म्हणून 'कळवणे'. आजोबांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' असायचं. तुमच्या मेलच्या शेवटी 'कळावे' घाला, बाकी कशाला काही म्हणायची गरजच नाही.

सदाशिवपेठी:
'कळावे' फार आवडलं. व्युत्पत्ती मात्र पटत नाही. 'कळणे' संस्कृत 'कल्' धातूकडे जातं, यंत्राची कळ 'कला'कडे. पोटात येते ती कळ आणखी वेगळी.

कारेलीबाग:
मी याच कामात आहे. शब्द जरा बाजूला ठेवा. मुदतीचा नियम तुम्हाला कोणत्या वाक्यात लिहून दिला होता?

दांडियाबाजार:
कार्यकारिणीचं वाक्य असं: 'मुदत संपली असल्यास सभासदास मेल जावी.' मी तेच केलं. रोज रात्री एक काम चालतं, मुदत उलटलेली पुस्तकं शोधतं आणि मेल पाठवतं. एक आजी मुलीकडे गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर एकाच पुस्तकाच्या अकरा मेल. फोनवर म्हणाल्या, "अगं, मी काय पुस्तक पळवलंय का?" मला फार वाईट वाटलं.

कारेलीबाग:
चूक कोडात नंतर आली, आधी ती 'असल्यास'मध्ये होती. 'संपली असल्यास' ही स्थिती. आज खरी, उद्या खरी, पुस्तक परत येईपर्यंत रोज रात्री खरी. 'संपल्यास' किंवा 'संपताच' ही घटना, ती एकदाच घडते. मराठी हा फरक एवढ्याशा 'अस'ने दाखवते, म्हणून मी ग्राहकाकडून नियम मराठीतच लिहून घेतो. रात्रीच्या कामाला स्थितीच दिसते, घटना दिसत नाही. तेव्हा मेल गेल्याची नोंद ठेवायला हवी: कोणाला दिलेलं कोणतं पुस्तक, कोणता नियम, मुदतीची कोणती तारीख. या तिन्हींवर मिळून युनिक बंधन टाका, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा होऊच शकत नाही. आधी नोंद आणि मग मेल असं केलं, तर काम मध्येच पडून पुन्हा चाललं तरी दुसरी मेल निघणार नाही. मुदत वाढवून दिली की तारीख बदलते, म्हणून नव्या मुदतीची मेल अडत नाही.

आणखी एक. 'आज मुदत संपते' यातला आज कोणाचा? सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर त्याचे रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच.

सदाशिवपेठी:
'ल्यास' आणि 'असल्यास' बोलण्यात एवढे वेगळे राहत नाहीत. 'मुदत संपल्यास दंड पडेल' यात दंड रोज पडतो ना?

कारेलीबाग:
पुढे 'रोज एक रुपया' लिहिलेलं असतं म्हणून पडतो. ते काढा आणि वाक्य पुन्हा वाचा.

मांडवीचा:
घटनेनेही भागत नाही. समजा पुराची मेल पाठवायची आहे. इथे काळा घोड्याच्या पुलाशी विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट. पाणी २६च्या आसपास खालीवर होत असेल तर 'ओलांडताच' हे एका रात्रीत दहादा खरं ठरेल. माणूस दहा मेल बघून अकरावी उघडत नाही, आणि खरं पाणी तेव्हाच चढतं. मी असतो तर एकदा वर गेलं की एक मेल, आणि पाणी समजा २४च्या खाली उतरेपर्यंत दुसरी नाही, असं लावलं असतं. अशा मेलला 'इशारा' म्हणा. पुस्तकाच्या मेलला म्हणू नका, आजी घाबरतील.

शुद्धमराठी:
'इशारा' अरबी आहे.

मांडवीचा:
पूर मराठी आहे ना? लोकांना ज्या शब्दाने कळतं तो शब्द हवा.

दांडियाबाजार:
नोंदीचं कोष्टक आज घातलं. मुदतीच्या मेलला 'स्मरणपत्र' म्हटलंय, शेवटी 'कळावे' आहे. बटणाचं अजून ठरत नाही. मावशीला 'कळवा' हवंय, आईला 'जाण करा'.

ग्वाल्हेरचा:
धागा आत्ताच वाचला. तुम्ही 'मेल गेली' लिहिता, आमच्या घरी 'मेल गेला' म्हणतात. नोंदीच्या पानावर तुम्ही काय लिहिलंय?

दांडियाबाजार:
'मेल गेली.' आता अहवालाच्या पानावर बघितलं, तिथे मीच 'पाठवलेले मेल' लिहून ठेवलंय.